आमची वाटचाल: जीएसटीच्या बिलापासून मागावरच्या बोर्डापर्यंत

आमच्या फर्मचं पहिलं काम निव्वळ सॉफ्टवेअरचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि चादर-टॉवेलच्या पेढ्यांना बिलाची नवी घडी बसवून हवी होती. सोलापूरचा माल विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादकडे जातो. त्यामुळे एकाच पेढीवर एका बिलाला सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा कर) लागतो, पुढच्याला आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा). गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहिले की बहुतेक बिलं सुटतात: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगणा. माल एकाकडे आणि बिल दुसऱ्याच्या नावावर असलं की मात्र डोकं लावावं लागतं.

या कामातल्या चुका ठरलेल्या. पैसे ‘फ्लोट’ प्रकारात, म्हणजे बायनरी अपूर्णांकात साठवले की वर्षअखेर ताळेबंदात पैशा-दोन पैशांचा फरक निघतो, कारण ०.१ हा आकडा संगणकाला बायनरीत नेमका लिहिताच येत नाही. म्हणून रक्कम पूर्णांक पैशांत ठेवायची, किंवा डेटाबेसचा डेसिमल प्रकार वापरायचा. दोन कारकुनांनी एकाच क्षणी बिल काढलं तर दोघांना एकच बिल क्रमांक मिळतो. ‘शेवटचा क्रमांक वाच, एक मिळव’ असं लिहिलं की हे होणारच. क्रमांक ट्रान्झॅक्शनच्या (एकतर पुरा होणार, नाहीतर अजिबात नाही अशा व्यवहाराच्या) आत घ्यायचा आणि त्या रकान्यावर युनिकचं, म्हणजे तोच आकडा दोनदा न येण्याचं, बंधन घालायचं. या चुकांचं एक बरं असतं, त्या खुर्चीतून न उठता दुरुस्त होतात. रात्री नवी आवृत्ती चढवली की सकाळी पेढी उघडायच्या आत प्रश्न मिटलेला असतो.

फर्मला वळण लागलं ते कारखानदारांच्या एका प्रश्नामुळे: ‘साहेब, बिलाचं झालं. यंत्रमागावर किती पिक पडले ते मोबाइलवर दिसेल का?’ प्रश्न सॉफ्टवेअरचा वाटतो, पण उत्तर मागाच्या शाफ्टपाशी आहे.

आडवा धागा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक पिक. ते मोजायला मागाच्या मुख्य दांड्यावर, क्रँक शाफ्टवर, एक बोल्ट बसवतात आणि समोर १२ मिलिमीटर व्यासाचा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की सिग्नल देणारा) लावतात. सेन्सरवर ४ मिलिमीटर अंतर छापलेलं असलं तरी बसवताना २ च ठेवायचं, माग थरथरतो. शाफ्ट कोणता हे आधी पाहायचं: क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, खालचा शाफ्ट दोन पिकांना एकदा फिरतो. चुकून खालचा धरला तर आकडा बरोबर निम्मा येतो आणि पोरं दिवसभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. सेन्सर २४ व्होल्टचा, मोजणी करणारी छोटी संगणक-चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, ५ किंवा ३.३ व्होल्टचा. मध्ये पीसी८१७ हा ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडानं सिग्नल पलीकडे देणारा) आणि २.२ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे त्या एलईडीतून साधारण १० मिलिअँपिअर जातात. सेन्सरची वायर मोटारच्या केबलला बांधून नेली की स्टार्टर पडताना खोटे पिक मोजले जातात. शील्डची वायर घ्यावी आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करावी.

आता कोड. मिनिटाला १०० पिक धरू. एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरवर सी भाषेतला ‘इंट’ (पूर्णांकाचा प्रकार) १६ बिटांचा असतो, त्याची कमाल ३२,७६७. पाळी सुरू होऊन साधारण ५ तास २८ मिनिटं झाली की आकडा थेट उणे होतो. तोच कोड लॅपटॉपवर तपासला तर काहीच दिसत नाही, तिथं ‘इंट’ ३२ बिटांचा. अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडे नसलेला, केलं तर मर्यादा ६५,५३५, म्हणजे १० तास ५५ मिनिटं. १२ तासांच्या पाळीत नेमकं शेवटी, कामगार हिशेब घ्यायला येतो त्या सुमारास, मोजणी शून्यावर. ३२ बिटांचा अनसाइन्ड घेतला तर ८० वर्षांहून जास्त पुरतो. तोवर माग टिकला तर पाहू.

पण ८ बिटांची चिप ते चार बाइट एकेक करून वाचते. मधेच इंटरप्ट (सेन्सरचा सिग्नल येताच चालू काम थांबवून पिक मोजणारा कोड) आला, आणि आकडा २५५ वरून २५६ होत असला, तर वाचणाऱ्याला ५११ दिसतो किंवा ०. म्हणून इंटरप्ट क्षणभर बंद करून आकड्याची प्रत काढायची. व्हेरिएबलला ‘व्होलाटाइल’ (दर वेळी मेमरीतून नव्यानं वाच, अशी सूचना) लावायचंच, पण त्यानं हा प्रश्न सुटत नाही. मुलाखतीत निम्मी मुलं इथंच घसरतात.

वीज गेली तरी आकडा राहायला हवा. सॉफ्टवेअरची सवय असलेला माणूस दर पिकाला ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या, चिपमधल्या मेमरीत) लिहितो, जसं दर बदलाला डेटाबेसमध्ये लिहितात. त्या ईईप्रॉमच्या एका जागेला १ लाख वेळा लिहिण्याची ग्वाही असते. मिनिटाला १०० म्हणजे १,००० मिनिटं, १६ तास ४० मिनिटं. दुसऱ्या दिवसाची पाळी पुरी व्हायच्या आत ग्वाही संपली. उपाय दोन: वीज जातेय हे आधी ओळखून, थोडी वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरच्या जोरावर शेवटचा आकडा एकदाच लिहायचा, किंवा एफरॅम ही कितीतरी जास्त वेळा लिहिता येणारी मेमरी वापरायची. एमबी८५आरसी२५६व्ही या एफरॅमची ग्वाही १ लाख कोटी वेळांची आहे. ती महाग पडते, तरी आम्ही तीच घेतो.

सगळ्यात चिवट दोष मात्र कोडमध्येही नाही आणि सर्किटमध्येही नाही. बंद माग पिक मोजतो! बोल्ट नेमका सेन्सरच्या कडेवर थांबला आणि शेजारच्या मागांनी फरशी हादरत राहिली की तो आत-बाहेर होत राहतो. २०० मिलिसेकंदांच्या आतली पल्स (सेन्सरचा सिग्नल) गाळा म्हटलं तरी सगळे खोटे पिक गळत नाहीत. पाव फेऱ्यावर दुसरा सेन्सर लावायचा आणि पहिला-मग-दुसरा असा क्रम पुरा झाला तरच पिक धरायचा. हे आकडे आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीवरून ऑफिसात येतात. तिथं केबलच्या दोन टोकांनाच १२० ओहमचे रेझिस्टर लावायचे, प्रत्येक बोर्डावर नाही. काहीच येत नसेल तर आधी ए आणि बी या दोन तारा उलट्या जोडल्यात का ते पाहायचं.

इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाची मुलं ‘सॉफ्टवेअर करू की एम्बेडेड?’ असं विचारतात तेव्हा आम्ही पगारावरून सुरुवात करत नाही. नव्या मुलांसाठी जागा सॉफ्टवेअरमध्ये जास्त आहेत, आणि ते काम सोलापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठीही करता येतं. एम्बेडेडला, म्हणजे यंत्रातल्या चिपसाठीच्या कामाला, बेंच (अवजारांचं टेबल) लागतो, यंत्र लागतं. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत यंत्रांना तोटा नाही, पण वाहन क्षेत्रातली मोठी नोकरी हवी असेल तर पुणे-चाकण गाठावं लागतं आणि कॅन बस (गाडीतल्या बोर्डांना जोडणारी तार-व्यवस्था), मिस्रा सी (सी भाषेत सुरक्षित कोड लिहायचे नियम) हे शिकूनच जावं लागतं. आमचा प्रश्न वेगळा असतो: कोणत्या जातीचा दोष शोधताना तुझं जेवण राहिलं तरी चालतं? लॉग वाचून, क्वेरी बदलून सापडणारा, की मल्टिमीटर लावल्यावर गायब होणारा?

सॉफ्टवेअरकडे जाणाऱ्यानं एक भाषा खोलवर, एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) हातात, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन), लिनक्सची ओळख आणि दुसऱ्याचा कोड वाचायची तयारी एवढं करावं. चार फ्रेमवर्कची प्रमाणपत्रं आम्ही बघत नाही. एम्बेडेडकडे जाणाऱ्याला सी मधले पॉइंटर आणि बिट मास्क, टायमर, इंटरप्ट, यूआर्ट-आयटूसी-एसपीआय (चिपांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धती), आणि डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) शेवटपर्यंत वाचायचा धीर लागतो. आरटीओएस (चिपवरची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) नंतर. कॉम्प्युटरच्या मुलांचं पुलअप रेझिस्टरपाशी (पिन मोकळी असताना तिला हाय ठेवणारा) अडतं, ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनच्या) मुलांचं गिट आणि डेटा स्ट्रक्चरपाशी. दोन्ही खड्डे तीन-चार महिन्यांत भरतात, रोज बसलं तर.

बेंचसाठी फार लागत नाही: एसटीएम३२ चिपचा ब्लू पिल नावाचा छोटा बोर्ड, त्यात कोड भरायला एसटी-लिंक, लॅपटॉपशी बोलायला यूएसबी-टीटीएल, चांगलं मल्टिमीटर, तापमान बदलता येणारं सोल्डरिंग स्टेशन आणि ८ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर (सिग्नल कधी चालू-बंद झाले ते दाखवणारा). ऑसिलोस्कोप नंतर, जुना चालतो. सुट्या पार्टसाठी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला तापकीर गल्लीत जाऊन रात्री परत येता येतं.

एम्बेडेडच्या मुलाखतीला आम्ही ब्लू पिल समोर ठेवतो आणि पीसी१३ या पिनवरचा एलईडी लावून दाखवायला सांगतो. पिन हाय करून (पिनवर व्होल्टेज देऊन) एलईडी विझला की बहुतेक जण बोर्ड बदलून मागतात. आम्ही वाट पाहतो ती बोर्डाच्या सर्किटचा नकाशा मागणाऱ्याची, कारण तो एलईडी पिन लो केल्यावरच लागतो.