पिवळं पान

"एक पान पिवळं का विणलंय?" मी विचारलं. विणकर ताई हसल्या आणि खिडकीकडे बोट दाखवलं. जॅमच्या रिकाम्या बाटलीत मनीप्लांट, त्यातलं एक पान खरंच पिवळं.

आज येवल्यात पैठणी घ्यायला गेले होते. हातमागाच्या बाजूला खिळ्याला तो वीतभर तुकडा लटकला होता. ताण्याच्या शेवटी उरलेल्या उभ्या धाग्यांवर ताईंनी विणलेला. बाटली, वेल, मागे चहाचं पातेलं. बाटलीत पाणी कुठपर्यंत आहे तेसुद्धा दिसत होतं. निळसर रेशीम तिथेच थांबवून पुढे दुसरा रंग घेतलेला.

पदरावर मोर विणतात त्याच पद्धतीने. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो, मागे फिरतो. तुकडा उलटून पाहिला, तर मागूनही जवळपास तसाच. (पैठणी उलटून बघायची, हे आजीने शिकवलेलं.)

"असे अजून का नाही करत?"

"घेणार कोण ताई? लोकांना मोर पाहिजे. मनीप्लांट तर सगळ्यांच्या घरी असतो."

मोर, पोपट, कमळ, आसावलीची वेल. पिढ्यान् पिढ्या तेच, आणि सुंदरच आहे. पण त्या वेलीचं एकही पान कधी पिवळं पडलेलं मी पाहिलेलं नाही.

किंमत विचारली, तर म्हणाल्या, "ते विकायचं नाही हो, असंच केलंय."

मी मोर घेऊन आले. तुम्ही काय घेतलं असतं?