लांबी, रुंदी आणि लांबी

चार भिंतींच्या क्षेत्रफळाचं सूत्र शाळेत घोकून पाठ केलं होतं. लांबी अधिक रुंदी, गुणिले उंची, गुणिले दोन. त्यातली लांबी पट्टीने मोजायची. रंगारी जिला लांबी म्हणतो, पत्र्याच्या पात्याने भिंतीच्या खळग्यांत दाबून भरतो, ती पांढरी लांबी त्या सूत्रात कुठेच नव्हती. माझा हिशोब तिनेच बुडवला.

खोली १२ बाय १०, उंची १०. चार भिंतींचे ४४० चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले, तेव्हा तर माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. उरले ४०३. एका लिटरमध्ये एका हाताला १०० ते १२० चौरस फूट होतात, असं डब्यावर छापलेलं. मी मधले ११० धरले. दोन हातांना साडेसात लिटरही लागत नव्हते. चार-चार लिटरचे दोन डबे आणले, म्हणजे वर अर्ध्या लिटरचा दानधर्मच. रंगाऱ्याने आधी डब्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि म्हणाला, "बघू."

डब्यावरचा आकडा खोटा नसतो. तो फक्त गुळगुळीत आणि रंग न पिणाऱ्या भिंतीचा असतो. आमची भिंत पट्टीची पिणारी निघाली. जुने पोपडे खरवडून जागोजागी लांबी भरलेली, वर काचकागद मारलेला, आणि प्रायमरचा विषय निघाला तेव्हा मीच "उगाच कशाला?" म्हणालो होतो. रोलर फिरला की भिंतीवर ओला चकचकीत पट्टा उमटायचा आणि पाच आकडे मोजेपर्यंत लांबीच्या ठिगळांवरची चमक विझून जायची. आजूबाजूला मात्र ती तशीच. बघता बघता भिंतीवर निस्तेज बेटांचा नकाशा तयार झाला. पहिल्या हातालाच पाच लिटर गेले. त्यातला काही नव्या कोऱ्या रोलरने स्वतःच पिऊन टाकला, ते वेगळंच.

शिवाय रंगाची निवडही माझीच. खाली जुना गर्द हिरवा आणि वर झेंडूसारखा पिवळा. रंगात झाकण्याचं मुख्य काम टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी पूड करते. फिक्या रंगात ती भरपूर असते, भडक पिवळ्यात फार घातली तर पिवळेपणच जातं. त्यामुळे झेंडूच्या पाठीमागून हिरवा डोकावत राहिला. एक लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला की ओल्या थराची जाडी भरते ०.१ मिलिमीटर. त्यातलं पाणी उडाल्यावर राहतो तो निम्म्याहूनही पातळ. केसाहून बारीक त्या पापुद्र्याने आख्ख्या खोलीचा भूतकाळ झाकावा, ही आपली अपेक्षा!

रंगारी मंडळी दार-खिडक्यांची जागा बहुधा वजा करत नाहीत, ही मला तोवर त्यांची चलाखी वाटायची. मग एकदा फुरसतीने खिडकीच्या आतल्या कडा मोजल्या. भिंत नऊ इंच जाड, खिडकी बाहेरच्या अंगाला बसवलेली. चारी कडा मिळून १६ फूट, गुणिले पाऊण, म्हणजे १२ चौरस फूट. १६ वजा करण्याच्या नादात हे १२ मी धरलेच नव्हते. मनातल्या मनात माफी मागितली.

दुसऱ्या हातात तीन भिंती झाल्या, चौथीला सुरुवात झाली आणि डबा खरवडल्याचा आवाज आला. रंगाचा दुष्काळ त्या आवाजात ऐकू येतो. धावत जाऊन तिसरा डबा आणला. शेड तीच, नंबर तोच. ओला होता तोवर काही कळलं नाही. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि चौथ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत शिवण दिसली. एकीकडे झेंडू, दुसरीकडे थोडा शिळा झेंडू.

"सगळे डबे आधी एका बादलीत ओतून ढवळायचे असतात," रंगारी म्हणाला, "आणि पुरणार नाही असं वाटलं तर कोपऱ्यात थांबायचं, भिंतीच्या मध्ये नाही. दोन भिंतींत फरक पडला तर लोक सावली समजतात." हे ज्ञान त्याने सकाळी का दिलं नाही, असं मी विचारलं. "तुम्ही हिशोब करून आणला होता ना," तो म्हणाला. यावर काय बोलणार?

मग रोलर बाजूला ठेवून त्याने ओला अंगठा लांबीच्या एका उघड्या ठिगळावर टेकवला. अंगठ्याचा ओला ठसा क्षणात नाहीसा झाला. "ही भिंत तहानलेली आहे," एवढंच बोलून तो हात धुवायला गेला. माझ्या सगळ्या गुणाकारांत या एका खुणेला जागा नव्हती.

तिसऱ्या डब्यातला तीन लिटरहून जास्त रंग उरला. झाकणावर तारीख आणि शेडचा नंबर लिहून तो माळ्यावर ठेवलाय. शिवणीसमोर कपाट उभं केलं आहे. घरात अधूनमधून सामान इकडचं तिकडे करण्याची लाट येते. बाकी काहीही हलवा म्हणतो मी, पण कपाटाचं नाव निघालं की माझी पाठ हमखास दुखायला लागते.