कुंपणावरची सापसंद

येऊरच्या डोंगराजवळ, ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या कुंपणाला शोभेची परदेशी वेल लावण्याऐवजी मी आग्रहाने सापसंद, म्हणजेच ईश्वरी, ही आपल्याकडची बहुवर्षायू वेल लावली. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या फुलपाखरांच्या अळ्या याच कुळातील वेलींची पाने खाऊन वाढतात, त्यामुळे ही वेल तोडली की त्यांचे पाळणाघरच जाते.

पानाची मागची बाजू उलटून पाहिल्यास तांबूस, गोल अंडी दिसतात. त्यांतून निघणारी अळी काळसर तपकिरी असते, तिच्या अंगावर मांसल उंचवटे असतात आणि कॉमन रोझच्या अळीच्या मधोमध पांढरा पट्टा असतो. पानांतील विषारी द्रव्ये ती शरीरात साठवते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही ती तिचे पक्ष्यांपासून रक्षण करतात. माणसाच्या मूत्रपिंडांना मात्र या वेलीतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल घातक असते, म्हणून तिचा काढा कोणीही घेऊ नये.

वेलीला पाण्याचा निचरा होणारी माती आणि चढायला आधार हवा. अळ्यांनी पाने फस्त केली तरी खोडाला पुन्हा पालवी फुटते. फवारणी करू नका, हे माळीकाकांना पटवून द्यावे लागले.

कॉमन मॉर्मन या दुसऱ्या फुलपाखराच्या काही माद्या या विषारी फुलपाखरांचे हुबेहूब रूप घेतात. कॉमन मॉर्मनच्या अळ्यांना कढीपत्ता चालतो, म्हणून त्याचेही रोप मी शेजारीच लावले आहे.