आमची वाटचाल : देवबागची होडी आणि बावीस पॉइंट

डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या वेगळ्या आणि आम्ही वेगळे, हे आधी सांगून टाकतो. गळाने मासे धरायची हौस असलेल्यांना घेऊन पहाटे साडेपाचला मालवणजवळच्या देवबागहून निघायचं, कर्ली नदीच्या मुखाशी फुटणाऱ्या लाटा मोजून बार, म्हणजे तिथला वाळूचा बांध, ओलांडायचा आणि मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, पडायच्या आत निवतीच्या दीपगृहाजवळच्या खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, पहिला पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लूर (खोटं आमिष), टाकायचा, हा आमचा धंदा.

२०११ साली माझ्याकडे एक जुनी फायबर होडी, चाळीस घोड्यांचं इंजिन आणि काका होते. काका म्हणजे वडिलांच्या होडीवरचे तांडेल, होडीचे म्होरके. पाण्याखालची खडपं त्यांच्या डोक्यात होती. देवळाचं शिखर अमुक माडावर आलं, पलीकडे दीपगृह डोंगराआडून सुटलं, की 'हयच' म्हणायचे. मी तिथे होडी थांबवून जीपीएसवर पॉइंट मारायचा. दोन हंगामांत बावीस झाले. माझी पॉपिंग रॉड बघून काका म्हणाले होते, "माशाक काय कळता ती कितक्याची?" पण ब्रेड (रीलवरची विणलेली दोरी) आणि लीडर (आमिषाकडचा जाड दोरा) जोडणारी एफजी गाठ त्यांनी एकदा बघितली आणि आठवड्यात माझ्याहून घट्ट मारू लागले.

पुढची पाच-सहा वर्षं बरी गेली.

२०१८ च्या पावसाळी मासेमारी बंदीत, जून-जुलैत, माझा खलाशी जीपीएस दुरुस्तीला नेतो म्हणून घेऊन गेला. परत आणूनही दिला. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला गेलो, तर आमच्या सातव्या पॉइंटवर दुसरी होडी उभी, आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, तोच खलाशी. होडीवाल्याचं नाव घेणार नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे. त्याचा दर आमच्या निम्मा. आम्ही कोकर, म्हणजे तुमचा जीटी (जायंट ट्रेव्हली), फोटो काढून सोडून देतो. हा जेटीवर टांगून ठेवायचा. अठरा-अठरा किलोचे कोकर, आणि खायला कोणाला नकोत! माझं अर्धं गिऱ्हाईक तिकडे गेलं. कोणी विचारलं तर 'तिथे मासा हमखास आहे' म्हणायचे. समुद्रात हमखास काय असतं?

मग २०२० चा लॉकडाऊन. आणि १६ मे २०२१ ला तौक्ते. होडी खाडीत आत नेऊन चार दोरांनी बांधली होती. सकाळी दोन दोर शिल्लक होते. होडी उलटी, इंजिन खाऱ्या पाण्यात. काकांनी इंजिनाचं झाकण काढलं, आत बघितलं आणि परत बसवलं. काही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांचा फोन आला. दातांचे डॉक्टर, २०१२ पासून दर हंगामाला येणारे. पुढच्या तीन हंगामांचे पैसे त्यांनी त्याच दिवशी पाठवले. मी पावती लिहून पाठवली तर म्हणाले, "पावती राहू दे, इंजिन बघ."

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. लूरचे तीन आकड्यांचे हुक काढून सिंगल हुक लावा, आणि त्याचा काटा पकडीने दाबून टाका. रील गोड्या पाण्याने हलकं धुवा, फवारा मारू नका. घरी गेल्यावर ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल करून ठेवा. रिकाम्या पोटी होडीत चढू नका. खिशात आलेपाक ठेवा. आणि शनिवार-रविवार बघून बुकिंग करू नका, तिथी बघा. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत पाणी हलत नाही, आणि पाणी हललं नाही तर कोकर तोंड उघडत नाही.

त्या होडीवाल्याकडे बावीसच्या बावीस पॉइंट आहेत. कुठला भरतीचा, कुठला सुकतीचा, ते मात्र जीपीएसमध्ये मारलेलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात डॉक्टर आले म्हणून काकाही, गुडघे दुखत असताना, होडीत चढले. सातव्या पॉइंटवर तो आधीच उभा. सहा गिऱ्हाइकं पॉपर फेकून घामाघूम झालेली. पाणी तळ्यासारखं. काकांनी थर्मास उघडला. "थांब. तेंका जांवदे."

दोन दोन कप चहा झाला. ते कंटाळून उत्तरेला गेले, त्यानंतर थोड्या वेळाने पाण्यावरचा फेस खडपाकडे सरकू लागला. डॉक्टरांच्या तिसऱ्या कास्टला रील किंचाळलं. मी धावलो, डॉक्टर ओरडत होते, रॉड पार वाकलेली. काका मात्र माशाकडे बघतच नव्हते. कपाळावर हात धरून लांब गेलेल्या त्या होडीकडे बघत होते, तिथून दिसतंय की नाही ते.