ग्वाटेमालाला जाताय? डोंगरातल्या गावांना जास्त दिवस द्या

ग्वाटेमालाची सहल आखताना बहुतेक जण आधी तिकालचं, म्हणजे जंगलातल्या प्राचीन माया शहराच्या अवशेषांचं, बुकिंग करतात आणि उरलेले दिवस इकडेतिकडे वाटतात. माझं सांगणं उलट आहे. तिकाल बघाच, पण मुक्काम करा तो पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात. माया म्हणजे जंगलात लुप्त झालेली संस्कृती, हे शाळेपासून मनात बसलेलं चित्र तिथल्या पहिल्याच बाजारात पुसलं जातं. 2018च्या जनगणनेत सुमारे 42 टक्के लोकांनी स्वतःची नोंद माया म्हणून केली आहे. किचे, काक्चिकेल, त्सुतुहिल, माम अशा वीसहून जास्त माया भाषा तिथे आजही घराघरांत बोलल्या जातात.

आम्ही ह्यूस्टनहून गेलो. थेट विमानाने तीनेक तास लागतात. आई-बाबा भारतातून आमच्याकडे आले होते, त्यांनाही घेतलं. उतरल्यावर ग्वाटेमाला सिटीत न थांबता सरळ अँतिग्वा गाठावं. 1773च्या भूकंपानंतर राजधानी इथून हलवली, पण पडझड झालेली चर्चं आणि मठ अजून उभे आहेत. रस्ते ओबडधोबड दगडांचे आहेत, त्यामुळे ज्येष्ठांना चांगल्या पकडीचे बूट हवेतच. आभाळ मोकळं असेल तर रात्री गच्चीवरून फुएगो ज्वालामुखीतून उडणारा लाल निखारा दिसतो. ट्रेकिंगवाल्यांना शेजारचा अकातेनांगो खुणावतो. त्याची उंची 3,976 मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि वर रात्री कडाक्याची थंडी असते. एक-दोन दिवस अँतिग्वात काढून हवेची सवय झाल्याशिवाय निघू नये.

अतित्लान सरोवर हा या सहलीचा गाभा. भोवती तीन ज्वालामुखी आणि काठाने माया गावं. पानाहाचेलहून लांचा, म्हणजे छोट्या मोटरबोटी, गावोगाव जातात. दुपारी शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि लाटा अंगावर येतात. म्हणून जायचं-यायचं दुपारच्या आत उरका, निदान सोबत वयस्कर माणसं असतील तर नक्कीच. सान हुआन ला लागुनात बायकांच्या विणकाम सहकारी संस्था आहेत. कमरेला पट्टा बांधून चालवायचा माग, झाडपाल्याचे रंग, सगळं त्या समोर करून दाखवतात. आई तिथून हलायला तयार नव्हती. एकेक हुइपिल, म्हणजे बायकांचा पारंपरिक विणलेला सैल ब्लाउज, पुरा व्हायला महिने लागतात. तो विणणारणीकडूनच घ्या आणि भाव पाडण्याच्या फंदात पडू नका.

तिथून सांतियागो अतित्लानला जा. 1960 ते 1996 या काळातल्या यादवी युद्धात सुमारे दोन लाख माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, आणि त्यांत बहुसंख्य माया होती. डिसेंबर 1990मध्ये या गावात लष्कराने निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर गावकऱ्यांनी एकजुटीने लष्कराला गावाबाहेर काढलं. त्या जागी आता स्मृतिस्थळ आहे. फोटो-थांबे एखादा कमी करा, पण इथे जाऊन या.

चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो, त्यामुळे दौऱ्याचे वार त्याभोवती लावा. बाजाराशेजारच्या सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर कोपालचा, म्हणजे झाडाच्या सुगंधी राळेचा, धूर दरवळत असतो आणि किचे लोक आपल्या रीतीने प्रार्थना करतात. आत फोटो काढायचे नाहीत. याच गावात 1700च्या सुमारास एका धर्मगुरूने ‘पोपोल वुह’ हा किचे ग्रंथ उतरवून घेतला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. देवांनी माणूस मक्याच्या पिठातून घडवला, असं त्यात सांगितलंय. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, वाटायचा आणि हातावर थापून तोर्तिया भाजायची, हे रोज पाहिल्यावर ती कथा पटायला लागते. बाबांना तर ती भाकरीच वाटली. शाकाहारींना तोर्तिया, काळा घेवडा, ॲव्होकॅडो आणि अंडी चालत असतील तर अंडी, इतकं सगळीकडे मिळतं. मात्र नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. घेवड्यात डुकराची चरबी घालतात, म्हणून ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबी नको, हेही सांगावं लागतं.

तिकाल शेवटी ठेवा. ग्वाटेमाला सिटीहून तिकालजवळच्या फ्लोरेसला तासाभरात विमान पोचतं. रात्रीची बस नऊ-दहा तास घेते, आई-बाबांना ती झेपणारी नाही. शक्य असेल तर उद्यानातच राहा. पहाटे हाऊलर माकडांच्या गर्जनांनी जंगल जागं होतं, आणि चौथ्या मंदिराच्या लाकडी जिन्याने वर गेलं की झाडांच्या शेंड्यांवर फक्त मंदिरांची टोकं दिसतात. पहिल्या मंदिरावर चढायला बंदी आहे. त्याच्या पोटात हासाव चान काविल या राजाची कबर सापडली. 695मध्ये कालाकमुल या प्रतिस्पर्धी माया शहराला हरवून तिकालचे दिवस पालटणारा तो हाच. या राजाची गोष्ट नीट सांगणारा गाईड जरूर घ्या, नाहीतर नुसते दगड बघून परत याल.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टला ग्वाटेमालाचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असलेल्यांना सवलत आहे, पण निघण्याआधी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून आपल्या बाबतीत लेखी खात्री करून घ्या. तिकीट काढताना विमान कुठून जातं ते जरूर बघा. ऑक्टोबर 2023मध्ये एल साल्वादोरने आपल्या विमानतळावरून जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांवर माणशी 1,000 डॉलर आणि वर कर अशी फी लावली. स्वस्त दिसणारं तिकीट त्यामुळे भलतंच महाग पडू शकतं. भारतातून निघणाऱ्यांनी माद्रिदमार्गेही पर्याय तपासावेत.

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम असतो. ईस्टरच्या आठवड्यात अँतिग्वात रस्त्यांवर रंगीत भुशाचे आणि फुलांचे गालिचे घालतात, पण तेव्हा खोल्या कित्येक महिने आधी धराव्या लागतात. गावांत आणि लांचावर रोख केत्सालच, म्हणजे तिथलं चलन, चालतात. एटीएम पानाहाचेल आणि अँतिग्वात आहेत, तिथेच पैसे काढून पुढे निघा.