एकाचे सात
आज नववीच्या पोरांनी माझीच चोरी पकडली. घरून खोटी पावती करून नेली होती: 1,200 मधल्या 1 ला दुसऱ्या काळ्या पेनाने शेंडी लावली, झाले 7,200! चार काळी पेनं टेबलावर ठेवली आणि म्हटलं, शोधा.

फिल्टर पेपरच्या पट्ट्या, ठिपके, तळाशी पाणी. स्केचपेनचा काळा चढता चढता जांभळा, निळा, पिवळा झाला. बॉलपेन मात्र ढिम्म. तेलकट शाई, पाण्याला दाद देईना. स्पिरिट आणल्यावर एकाचा जांभळा पट्टा उमटला, दुसऱ्याचा निळा. जेलपेन तिथेही हललं नाही. त्यातले रंगकण विरघळतच नाहीत.

खऱ्या प्रयोगशाळेत पोकळ सुईने अक्षरातून बारीक ठिपके काढतात आणि शाई सिलिकाच्या पातळ थरावर चढवतात. शाई वेगळी निघाली तर खोट उघडी. सारखी निघाली म्हणून पेन तेच, असं मात्र नाही. तशी पेनं बाजारात ढिगाने असतात. हे पटवायलाच निम्मा तास गेला.

(रंग असे वेगळे करायची मूळ पद्धत, म्हणजे क्रोमॅटोग्राफी, शोधणाऱ्या रशियन शास्त्रज्ञाचं आडनाव त्स्वेत, म्हणजे चक्क 'रंग'!)

शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, प्रगतिपुस्तकावरची शाईपण कळते का?"

उद्या त्याचं प्रगतिपुस्तक मागवलंय.