बोरे दा : वेल्श भाषेतील रोजची अभिवादने

वेल्श भाषेतील रोजची अभिवादने शिकताना इंग्रजीपेक्षा मराठीचा आधार घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. माझी भाची पश्चिम वेल्समधील कारमार्थनशायर या परगण्यात परिचारिका आहे. तिच्या वॉर्डातील अनेक वृद्ध रुग्णांची मायबोली वेल्श असल्यामुळे तिने ती भाषा शिकायला घेतली आणि तिच्या पाठोपाठ राळेगाव तालुक्यातील आमच्या गावी बसून मीही शिकू लागलो.

सकाळी 'बोरे दा', दुपारी 'प्रन्हाउन दा', संध्याकाळी 'नोस्वाइथ दा' आणि झोपायला जाताना 'नोस दा' म्हणतात. 'दा' म्हणजे चांगला, आणि तेथे विशेषण बहुधा नामाच्या मागून येते. मात्र संध्याकाळच्या अभिवादनातील 'दा' कान देऊन ऐकावा लागतो, कारण तो आपला 'द' नाही. जिभेचे टोक वरच्या दातांना हलके टेकवून, श्वास न अडवता काढलेला तो मऊ 'द' आहे आणि वेल्श लिपीत तो दोन डी जोडून लिहितात. 'बोरे' आणि 'प्रन्हाउन' ही नामे पुल्लिंगी आहेत, तर 'नोस्वाइथ' स्त्रीलिंगी आहे, आणि स्त्रीलिंगी एकवचनी नामानंतर विशेषणाचे पहिले व्यंजन मऊ होते. चांगला दिवस, चांगली रात्र असे म्हणताना आपण शब्दाचे शेपूट बदलतो. वेल्श माणूस शब्दाचे तोंड बदलतो. 'नोस' हेही स्त्रीलिंगीच, तरी तेथे 'दा' कठीणच राहतो, कारण आधीच्या 'स'ने पुढच्या 'द'ला मऊ होऊ दिले नाही आणि ते जुने रूप तसेच टिकले. निरोप घेतानाच्या 'हुइल वाउर' मध्ये हाच नियम पुन्हा भेटतो: मूळ शब्द 'माउर', म्हणजे मोठा, पण 'हुइल' स्त्रीलिंगी असल्याने 'म'चा 'व' झाला. 'दिओल्ख अन वाउर', म्हणजे पुष्कळ आभार, यातही तोच 'वाउर' आहे. तेथे मात्र त्याला मऊ करणारा शब्द आधीचा 'अन' हा आहे.

उच्चारांच्या बाबतीत देवनागरीने मला फार मदत केली. 'प्रन्हाउन'च्या पहिल्या अक्षरातील स्वर म्हणजे आपला साधा 'अ' आहे, त्यासाठी वेगळी कसरत नाही. 'दिओल्ख' मधला 'ख' तेवढा घशातून घासून काढावा लागतो. आपल्याकडे मुळीच नसलेला ध्वनी म्हणजे दोन एल जोडून लिहिलेला. भाचीच्या परगण्यातील एका मोठ्या गावाच्या नावात तो दोनदा येतो. आपण 'लानेली' लिहून मोकळे होतो, पण खरा उच्चार करायचा तर जीभ 'ल'साठी टाळूला लावावी, कंठातून आवाज काढू नये आणि जिभेच्या कडांवरून नुसती हवा सोडावी. वरील अभिवादनांत हा ध्वनी नाही, ही नवशिक्याची मोठी सोय आहे.

आमच्या गावात घड्याळ पाहून अभिवादन करण्याची रीत नाही. 'रामराम', 'जयभीम', गुरुदेव सेवा मंडळाच्या घरी 'जय गुरुदेव', गोंड वस्तीत 'जय सेवा', आणि त्यापाठोपाठ 'जेवण झालं का जी?' ही विचारपूस दिवसभर चालते. त्यामुळे मला सर्वांत जवळचे वाटले ते 'शुमाइ'. दक्षिण वेल्समध्ये कोणत्याही प्रहरी चालणारे हे अभिवादन उत्तरेकडे 'सिमाइ' असे ऐकू येते. पुढे 'कसा आहेस' विचारायचे तर 'सित उइत ती?' आणि 'कसे आहात' विचारायचे तर 'सित दिख खी?' म्हणतात. 'ती' आणि 'खी' हा भेद आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' सारखाच. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला 'खी', आणि अनेकांना मिळूनही 'खी'च. भाचीला हा भेद कोणी शिकवावा लागला नाही, आजीबाईंना ती पहिल्या दिवसापासून 'खी' म्हणते. उत्तर देण्याची पद्धतही ओळखीची आहे. सरसकट 'हो'साठी एकच शब्द नसल्याने बहुतेक प्रश्नांचे उत्तर क्रियापदानेच देतात. 'उइत तीन याउन?', म्हणजे बरा आहेस ना, असे विचारले की 'अदू', म्हणजे आहे. नसेल तर 'नाग अदू'. 'जेवलास का?' याला 'जेवलो' असे सांगणाऱ्या माणसाला यात अवघड काय वाटावे?

या चार शब्दांना तेथे किती मोल आहे, हे कळल्यावर माझा अभ्यास अधिक मनापासून होऊ लागला. एकोणिसाव्या शतकात वेल्समधील अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवीत असत. कोलामी किंवा गोंडी बोलणारी लेकरे वर्गात गप्प बसलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे वाचताना मला फार वाईट वाटले. 2021 च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे 5 लाख 38 हजार लोकांनी, म्हणजे तीन वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकसंख्येपैकी 17.8 टक्के लोकांनी, आपल्याला वेल्श बोलता येत असल्याचे नोंदवले. 2050 पर्यंत ही संख्या दहा लाखांवर नेण्याचे तेथील सरकारचे उद्दिष्ट आहे. दरवर्षी 15 ऑक्टोबरला प्रत्येक संभाषणाची सुरुवात 'शुमाइ' किंवा 'सिमाइ'ने करावी असे आवाहन केले जाते, मग पुढचे बोलणे इंग्रजीत झाले तरी चालते. ही कल्पना मला अतिशय शहाणपणाची वाटते, कारण ती थोडे येणाऱ्यालाही दारात घेते. दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत वेल्श बोलणारे कर्मचारी केशरी रंगाचा बिल्ला लावतात, त्यावरून कोणाशी वेल्श बोलावे हे रुग्णाला न विचारताच समजते, आणि शिकणाऱ्यांसाठीही तसाच वेगळा बिल्ला मिळतो.

अभिवादनानंतर तेथे बोलणे बहुधा हवेकडे वळते. म्हणून आमचा पुढचा पाठ 'माइ हीन बुरू ग्लाउ', म्हणजे पाऊस पडतो आहे, हा आहे. भाचीला तो रोज उपयोगी पडतो, आणि मृग लागल्यावर मलाही पडेल.